तमाशापटातला ट्रक कुठे गेला?

गेल्या चैत्रात एका सकाळी साडेसहाच्या सुमाराला मी चाकणच्या तळेगाव चौकात अडकलो होतो. यात नवीन काही नाही. निघोज्यात राहणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा एक ठरावीक हिस्सा या चौकाला वाहिलेला असतो. (नगर जिल्ह्यातलं रांजणखळग्यांचं निघोज वेगळं. आमचं निघोजे खेड तालुक्यातलं, इंद्रायणीपलीकडचं, एमआयडीसीच्या चौथ्या टप्प्यातलं.) पुढे कोऱ्या गाड्या वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर, बाजूला रात्रपाळी सुटलेल्या कामगारांची बस आणि या दोघांच्या मध्ये एक जुना ट्रक. फळ्यांवर फडमालकाचं नाव रंगवलेलं, त्याखाली 'लोकनाट्य तमाशा मंडळ'. वर लोखंडी खांब, गुंडाळलेली कनात, पत्र्याच्या पेट्या आणि त्या सगळ्यावर अंग टाकून झोपलेली सात-आठ माणसं. मागच्या कडेला एक बाई जागी होती. चेहऱ्यावरचा रात्रीचा रंग अर्धवट पुसलेला, अंगावर शाल. ती समोरच्या बसमधल्या कामगारांकडे बघत होती आणि ते तिच्याकडे. दोघांचीही रात्रपाळी नुकतीच संपलेली.

त्याच आठवड्यात मी मोबाइलवर 'नटरंग' पुन्हा पाहिला. आधी कॉलेजात पाहिला होता, तेव्हा गाण्यांसाठी. या वेळी मी सारखा तो ट्रक शोधत होतो. म्हणजे चाकं असलेली वस्तू असा अर्थ नाही. फड पडद्यावर या गावातून त्या गावात जातोच. पण त्या जाण्याला लागणारा वेळ, त्यातली झोप, त्यातली भांडणं, पोटात गेलेलं आणि न गेलेलं अन्न, यातलं प्रेक्षक म्हणून आपल्याला काही सोसावं लागत नाही. एक खेळ संपतो, दुसरा सुरू होतो. मधला रस्ता कापलेला असतो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. तमाशा ही महाराष्ट्रातली कदाचित सगळ्यात जास्त फिरणारी कला. दसऱ्याच्या आसपास बाहेर पडलेला फड पावसाळ्याच्या तोंडावर घरी येतो. वर्षाचे सात-आठ महिने शंभरेक माणसं रस्त्यावर राहतात. मग तमाशावरच्या आपल्या सर्वांत गाजलेल्या कलाकृतींमध्ये रस्ता का नाही? आणि तो नसल्यामुळे आपल्याला तमाशा काहीतरी वेगळाच कळलाय का?

रस्ता म्हणजे शिक्षा

सुरुवात 'पिंजरा'पासून करावी लागते. व्ही. शांताराम यांचा 1972चा हा चित्रपट. शंकर पाटलांचे संवाद, जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत, संध्या आणि डॉ. श्रीराम लागू. मूळ बीज 1930च्या 'द ब्ल्यू एंजल' या जर्मन चित्रपटातलं. तिथे एक प्राध्यापक नाचणाऱ्या बाईच्या नादाने फिरत्या मंडळीत सामील होतो आणि शेवटी विदूषक बनतो. आपल्याकडे त्याचा आदर्शवादी मास्तर झाला.

'पिंजरा'ची रचना नीट बघितली तर त्यात दोन जागा आहेत. एक गाव, दुसरी फड. गाव एका जागी असतं, फड हलता. मास्तर गावात असतो तोवर देवमाणूस. नंतर मास्तर मेला अशी गावाची समजूत होते, गाव त्याचा पुतळा उभा करतं आणि जिवंत मास्तर फडाबरोबर पडेल ती कामं करत हिंडत राहतो. पुतळा हलत नाही म्हणून पवित्र, माणूस हिंडतो म्हणून पतित. दिग्दर्शकाने हे ठरवून केलं की नाही, मला माहीत नाही. पण चित्रपटाचं सगळं नैतिक गणित या एका विरोधावर उभं आहे. फडाबरोबर फिरणं हीच त्यातली शिक्षा.

आता हे गणित फडातल्या माणसाच्या बाजूने मांडून बघा. मास्तरच्या वाट्याला जे शिक्षा म्हणून आलं, ते चंद्रकलेचं रोजचं जगणं आहे. ती जन्मभर त्याच रस्त्यावर आहे. पण तिच्या हिंडण्याला चित्रपटात शोकांतिकेचा दर्जा नाही, कारण ती कधी गावातली नव्हतीच. शिकलेला पुरुष राहुटीत झोपला की प्रेक्षकाच्या पोटात कालवतं. फडातली पोर तिथेच जन्मली तर ते दृश्य सजावटीत जमा होतं. 'पिंजरा' मी तीनदा पाहिलाय आणि लागूंचा चेहरा प्रत्येक वेळी हलवून जातो. तरीही तिसऱ्या वेळी मला त्या चेहऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या साथीदारांची नावं जाणून घ्यावीशी वाटली. ती चित्रपटाला सांगायची नाहीत.

जळलेली कनात आणि पुरस्काराचं व्यासपीठ

'नटरंग' (2010) या बाबतीत खूप पुढे गेला हे मान्य करायला हवं. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा हा पहिला चित्रपट. गुणा कागलकर हा शेतमजूर. पिळदार शरीराचा, राजाची भूमिका करायची स्वप्नं बघणारा. फड उभा करायला नाच्या मिळेना, म्हणून हा स्वतःच नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी शरीर कमावून मग ते उतरवलं, त्याची चर्चा तेव्हा खूप झाली आणि ती योग्यच होती. इथे तमाशा करणाऱ्यांच्या बाजूने गोष्ट सांगितली जाते. फड उभा करायला पैसे लागतात, माणसं जमवावी लागतात, बाई आणावी लागते, हे सगळं येतं. मराठी व्यावसायिक सिनेमात फड ही एक संस्था म्हणून इतकी स्पष्ट क्वचितच दिसली असेल.

पण शेवटाकडे काय होतं बघा. राजकारणात फड सापडतो, हल्ला होतो, कनात जळते, गुणाच्या शरीरावर अत्याचार होतो. घरचे त्याला स्वीकारत नाहीत. बरोबर राहते ती फक्त नयना. आणि मग चित्रपट उडी मारतो तो थेट म्हाताऱ्या, नावाजलेल्या गुणाच्या सन्मानापाशी.

ही उडी मला खटकते. जळलेल्या कनातीपासून पुरस्काराच्या व्यासपीठापर्यंत किती वर्षं गेली असतील? पंचवीस? तीस? त्या वर्षांत नवी कनात कोणाच्या कर्जावर आली? सोडून गेलेला ढोलकीवाला परत आला का? प्रत्येक नव्या गावात गुणाने कालची जखम घेऊन टिकलीचा आरसा पुन्हा कसा समोर धरला? खरी कथा तिथे आहे. चित्रपटाने पडणं दाखवलं, उभं असणं दाखवलं आणि उठण्याची सगळी वर्षं एका कटमध्ये घातली. आपणही टाळ्या वाजवल्या, कारण पुरस्कार मिळाला म्हणजे हिशेब फिटला असं आपल्याला वाटतं.

कोणी म्हणेल, दोन तासांच्या चित्रपटात सगळं कसं येईल? बरोबर आहे. काय गाळायचं हे दिग्दर्शकालाच ठरवावं लागतं. माझी तक्रार एका चित्रपटाबद्दल नाही. एकामागून एक चांगले लोक नेमकी तीच गोष्ट गाळतात, तेव्हा ती सवय होते. सवय झाली की प्रेक्षकालाही तो भाग महत्त्वाचा नसावा असं वाटायला लागतं.

तिथीचं गणित

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या अभ्यासक्रमात एक प्रसिद्ध कोडं असतं: एका विक्रेत्याला अमुक इतक्या गावांना एकेकदा जायचंय, कमीत कमी अंतरात कसं जाईल? गावं वाढली की संगणकालाही घाम फुटतो. फडाचा मॅनेजर यापेक्षा अवघड कोडं वहीत पेनाने सोडवतो. त्याच्याकडे अंतर दुय्यम असतं. आधी तिथी.

गुढीपाडव्याच्या सुमाराला पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. चाकणपासून गाडीने तासा-सव्वा तासाचं अंतर, रस्ता मोकळा असला तर. प्रत्येक राहुटीपुढे फडाचा फलक. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, कलावंत किती, वग कोणता, लावणीला कोण हे विचारतात, घासाघीस करतात, इसार देऊन सुपारी पक्की करतात. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते यामुळे. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा आणि पुढे विठाबाईंचा फड याच गावचा.

आता अडचण अशी की ग्रामदैवतांच्या यात्रा तिथीवर ठरतात. चैत्र पौर्णिमेला शेकडो गावांना एकाच रात्री तमाशा हवा असतो. त्या रात्रीचा भाव चढतो. दोन दिवसांनी तोच फड रिकामा बसू शकतो. मॅनेजरला आज जुन्नर, उद्या बारामतीकडे आणि परवा पुन्हा संगमनेरच्या बाजूला असा नकाशावर वेडावाकडा दिसणारा प्रवास लावावा लागतो, कारण देव सोयीच्या क्रमाने बसलेले नाहीत. आणि त्या मोजक्या रात्रींत वर्षाचा खर्च निघायला हवा. हंगामाच्या आधी कलावंतांना दिलेली उचल, त्यासाठी मालकाने काढलेलं कर्ज, डिझेल, जनरेटर, खांब रोवणारे बिगारी, स्वयंपाकी, ड्रायव्हर, परवानग्या. दसऱ्यानंतर तंबू लावून तिकिटावर खेळ होतात, पण तिकिटाचा भरवसा कोणाला नसतो. एक अवकाळी पाऊस आला की कनात भिजते, गल्ला बुडतो आणि मुक्काम मात्र हलवावाच लागतो.

म्हणूनच 2020 आणि 2021 ही दोन वर्षं इतकी जीवघेणी ठरली. कोरोनात ओळीने दोन चैत्र गेले. नाट्यगृहाला एक महिना हुकला तर पुढचा महिना असतो. तिथीवर जगणाऱ्याचा चैत्र हुकला की पुढचा बारा महिन्यांनी.

हे सगळं कंटाळवाणं अर्थशास्त्र वाटेल, पण नाट्य यातच भरलेलं आहे. दोन गावांना एकाच रात्रीचा शब्द दिला गेलाय. ट्रक घाटात बंद पडलाय. नायिकेला ताप आहे आणि कमिटीने तिचं नाव छापलंय. ढोलकीवाल्याने दुसऱ्या फडाची उचल घेतलीय. पटकथा लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं? पण आपले तमाशापट पुन्हा पुन्हा 'ती आणि तो' यापाशी जातात. कोण कोणावर भाळला, कोण कोणाला सोडून गेलं. प्रेक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसलेल्या पुरुषाला जेवढं दिसतं, तेवढाच तमाशा.

रस्त्याने निवडलेली वाद्यं

रस्ता गाळला की फक्त समाजशास्त्र जातं असं नाही. कानही चुकतो.

तमाशाची मूळ साथ आठवा. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, कडं. यातलं एकही वाद्य एका माणसाला उचलता येणार नाही असं नाही. तुणतुणं म्हणजे एक पोकळ नळकांडं, खाली कातडं, वर काठी, एक तार, एक खुंटी. बैलगाडीतून पडलं तरी गावच्या सुताराकडे दुरुस्त होईल. हलगीचं कातडं सैल पडलं तर चार काटक्या पेटवून तिला शेकायचं, की पुन्हा कडाडते. ही वाद्यं कोणी संगीतशास्त्राचा ग्रंथ उघडून निवडली नाहीत. रोज मुक्काम बदलणाऱ्यांनी, उघड्या माळावर वाजवणाऱ्यांनी ती निवडली.

गळ्याचंही तसंच. माईक येण्याआधी माळावर हजारभर माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, तर वरच्या पट्टीतच गायला हवं. म्हणून ती चढी गायकी. म्हणून मागे सुरत्ये. मुख्य गाणारीचा दम संपतो तिथे ते झील धरतात, तिला श्वास घ्यायला दोन क्षण मिळतात आणि ओळ तुटत नाही. ज्याला आपण शैली म्हणतो, ती बऱ्याच अंशी थकव्याशी केलेली तडजोड आहे. रात्रभर गायचं, पहाटे ट्रकमध्ये बसायचं आणि संध्याकाळी पुन्हा गायचं, यासाठी शोधलेला उपाय.

'नटरंग'मधली अजय-अतुलची ढोलकी मला प्रचंड आवडते. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला 'वाजले की बारा' किती वेळा वाजलं असेल, याची गणती नाही. पण ती ढोलकी स्टुडिओतली आहे, भरपूर झोप झालेली. प्रत्येक थाप ताजी, मागे भरगच्च वाद्यमेळ, गळ्याला कुठे धाप नाही. चित्रपटातल्या गाण्याने तसं असायला हरकतही नाही. फक्त त्याच आवाजाला आपण तमाशाचा आवाज समजू लागलो आणि यात्रेतला खरा फड आपल्याला बेसूर वाटू लागला. मग फडांनी की-बोर्ड आणले, ऑक्टोपॅड आणला, स्पीकरच्या भिंती आणल्या आणि ट्रकांची संख्या वाढली. चित्रपटाने तमाशाकडून घेतलेलं गाणं तमाशाला पुन्हा चित्रपटाच्या आवाजात गावं लागलं.

माईकमुळे आणखी एक गोष्ट झाली. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आली. ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते. पूर्वी गण, गवळण, बतावणी, रंगबाजी होऊन मध्यरात्री वग सुरू व्हायचा आणि तांबडं फुटेपर्यंत चालायचा. आता घड्याळ आधीच संपतं. कात्री लागते ती वगाला, म्हणजे तमाशातल्या नाटकाला. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. यात्रेच्या रात्री आजारी माणसाच्या घरी काय होतं, तेही मी पाहिलंय. पण वग मेला असं हळहळून सांगणाऱ्यांनी तो मरायला जागा कुठे उरली नाही, हेही सांगायला हवं.

हजेरी

आमच्या भागात यात्रेच्या रात्री तमाशा असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. मग दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरी म्हणजे फडाने दिवसाउजेडी देवापुढे आणि गावापुढे येऊन गायचं, वाजवायचं, नाचायचं. रात्रीचं लायटिंग नाही, पडदा नाही. बऱ्याचदा नुसती सतरंजी, भोवती माणसांचं कोंडाळं.

चौकात तो ट्रक दिसला त्यानंतर काही दिवसांनी चाकणच्या पुढच्या एका गावातली हजेरी मी पहिल्यांदा मुद्दाम थांबून ऐकली. लहानपणी अशा हजेऱ्यांना मी आखाड्याला जायच्या वाटेवरची गर्दी एवढंच समजायचो. या वेळी मी पुढे बसलो. कलावंत बायकांच्या डोळ्यांत झोप होती. एकीने पायात चाळ बांधताना मोठी जांभई दिली आणि ती लपवलीही नाही. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. गण सुरू झाला. माईक होता, पण वायरचं काहीतरी बिघडलं होतं आणि कोणी तो दुरुस्त करायला गेलं नाही. पाचेक मिनिटांत कोंडाळं आपोआप आत सरकलं. ऐकू यावं म्हणून लोक गप्प झाले. रात्री स्पीकरच्या भिंतीपुढे हे होत नाही, तिथे लोक आवाजावरून ओरडून बोलतात.

मी भारावलो. कार्यक्रमानंतर ढोलकी वाजवणाऱ्या काकांना म्हणालो, "असंच छान वाटतं ना, विनामाईक?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला छान वाटलं दादा, आमच्या पोरीचा घसा संध्याकाळी बसला तर?"

मी गप्प बसलो. सुधारायला दुसऱ्या कोणी यावं लागलं नाही, एवढं बरं झालं. शुद्ध, मूळ, विनामाईक लोकसंगीत ही ऐकणाऱ्याची हौस असते. गाणारीला आज रात्री पुन्हा गायचं असतं. मी चित्रपटांवर जो आरोप करतोय, तोच मीही करून बसलो होतो: मला ते एक तासाचं गाणं दिसलं, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा रस्ता दिसला नाही.

ज्यांनी मागे जाऊन पाहिलं

असं नाही की कोणीच बघितलं नाही. संदेश भंडारे यांचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे छायाचित्रांचं पुस्तक 2006 साली आलं. त्यांचा कॅमेरा रंगमंचापाशी थांबत नाही, कलावंतांच्या रोजच्या जगण्यात जातो. भूषण कोरगावकरांचं 'संगीत बारी' 2014चं. त्यात फिरता ढोलकी फड नाही, थिएटरांमधून चालणारी संगीत बारी आहे. तिथे प्रेक्षक चालून येतो आणि कलावंत एका जागी राहतात. पण पुस्तकाचं बळ हेच की लेखक बैठकीनंतरही खोलीत थांबतो. कोण किती कमावतं, ते कोणाकोणाच्या पोटात जातं, मुलांच्या शाळेचं काय, म्हातारपणाचं काय. लावणीचं सौंदर्य त्यामुळे कमी होत नाही, उलट कशाच्या बदल्यात ते उभं आहे, हे कळतं.

आणि तमाशाबाहेरचं एक उदाहरण द्यायलाच हवं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा 2016चा माहितीपट. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टूरिंग टॉकीजचा. तो कान महोत्सवात गाजला. त्याचा नायक कोणी नट नाही. मोडकळीला आलेला ट्रक, घरघरणारं प्रोजेक्टर, ते दुरुस्त करणारा कारागीर, तंबूबाहेर वाट बघणारे मालक. खेळ कधी सुरू होणार यापेक्षा खेळ सुरू होण्यासाठी काय काय करावं लागतं, यात तो रमतो आणि आपल्यालाही रमवतो. म्हणजे रस्त्यावरचा वेळ पडद्यावर कंटाळवाणा होतो, ही सबब खरी नाही. तमाशाचे फड त्याच जत्रांमध्ये, बहुधा पलीकडच्याच माळावर तंबू ठोकत होते. त्यांच्याकडे कॅमेरा वळला की तो आपोआप लावणीवर जातो, एवढाच काय तो फरक.

विठाबाईंची गोष्ट आपण कशी सांगतो

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. गरोदर असताना त्या नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत रंगमंचावर आल्या. भाषणांत, लेखांत, व्हॉट्सअॅपवर ही गोष्ट कलेच्या निष्ठेचं टोक म्हणून सांगितली जाते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

मला आता ही गोष्ट सांगण्याच्या पद्धतीचीच भीती वाटते. त्यात रंगमंच आहे, प्रेक्षक आहेत, असामान्य बाई आहे. रस्ता नाही. दिवस भरलेली बाई त्या रात्री नाचत का होती? खेळ थांबला असता तर गल्ल्याचं काय झालं असतं, त्या गल्ल्यावर किती चुली होत्या? जवळ सुईण होती का? दुसऱ्या दिवशीचा मुक्काम किती लांब होता आणि बाळ-बाळंतीण तिथवर कशातून गेले? हे प्रश्न विचारले की गोष्ट निष्ठेची राहत नाही, कामाच्या परिस्थितीची होते. आमच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यातल्या बाईवर अशी वेळ आली, तर आपण तिच्या निष्ठेचं कौतुक करणार नाही. आपण विचारू, सुट्टी का नव्हती?

विठाबाई 2002 साली गेल्या. अखेरचा काळ पैशाच्या ओढाताणीत गेला. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे. पण 'नटरंग'चा शेवट आणि हा पुरस्कार यांत मला एकच सवय दिसते. आपल्याला कलावंत सापडतो तो थेट शेवटी, व्यासपीठावर, शाल अंगावर घेतलेला. त्याआधीची चाळीस वर्षं तो आपल्या पुढ्यातून ट्रकमध्ये बसून जात असतो.

मीटिंग

मला हवा असलेला चित्रपट कुठे सुरू होईल, हे मी मनात ठरवून ठेवलंय. शेवटचा खेळ संपलाय, लोक धूळ झटकत घरी निघालेत, बिगारी खांब उपटायला लागलेत. तिथून पुढे दुसऱ्या गावात पडदा वर जाईपर्यंत. मधले अठरा-वीस तास. लावणी एकही नाही. झालीच तर ट्रकमध्ये कोणीतरी झोपेत गुणगुणेल तेवढी.

पण तो चित्रपट येईपर्यंत यात्रा थांबत नाहीत. या वर्षी आम्हा काही मित्रांच्या गप्पांत तमाशा की ऑर्केस्ट्रा हा वाद निघाला. ऑर्केस्ट्राला पोरं जमतात, रील व्हायरल होतात, दोन तासांत काम संपतं. मी तावातावाने तमाशाची बाजू मांडली. वग टिकला पाहिजे, एवढी जुनी कला आहे, पठ्ठे बापूरावांपासून दादू इंदुरीकरांपर्यंत. इंदुरीकर तर आमच्याच इंद्रायणीकाठचे, वरच्या अंगाच्या इंदुरीचे, 'गाढवाचं लग्न' गाजवणारे. मी बराच वेळ बोललो.

एक मित्र ऐकून घेत होता. तो गावच्या यात्रेत वर्गणी गोळा करतो, मंडप बघतो, फडाच्या लोकांच्या जेवणाची सोय बघतो. त्याने दोन प्रश्न विचारले. "मागच्या वर्षी वग बघायला थांबला होतास?"

नव्हतो. लावणीचा व्हिडिओ काढून साडेनऊला घरी आलो होतो.

"आणि त्यातल्या बायकांना अंघोळीला जागा कुठे दिली होती, माहितीये?"

तेही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मग यंदा ते तू बघ."

यंदा ते मी बघणार आहे. दोन न्हाण्या, पाण्याचा टँकर, दुपारी झोपायला पंखा असलेली एक खोली आणि ठरलेली रक्कम ट्रक निघायच्या आधी हातात. मी यादी केलीय. वगाला पण थांबणार आहे, जिथवर घड्याळ चालू देईल तिथवर.